कोरलेल्या तांब्याच्या पदकात खडा केव्हा आणि कसा बसवावा?

आपला प्रश्न असा आहे: तांब्याच्या पत्र्यावर फेरिक क्लोराइडने नक्षी कोरून पदक करायचे आणि मध्यभागी फिरोजा बसवायचा, तर खड्याचे कोंदण, म्हणजे खडा धरणारी चांदीची पट्टी, नक्षीच्या आधी झाळावे की नंतर? आपण दोन्ही करून पाहिले आहे. आधी झाळले तेव्हा द्रावणात चांदीच्या पट्टीवर करडा थर चढला. नंतर झाळले तेव्हा झाळ (जोडासाठी वितळवलेला धातू) नक्षीच्या रेषांत पसरली आणि कोंदण एका बाजूने उघडेच राहिले. अखेर आपण खडा गोंदाने चिकटवला, नक्षी उठून दिसावी म्हणून पदक लिव्हर ऑफ सल्फरच्या (धातू काळा करणाऱ्या गंधकयुक्त पदार्थाच्या) द्रावणात बुडवले आणि फिरोजाचा निळा रंग मळकट हिरवा झाला.

वरवर पाहता हा क्रमाचा प्रश्न आहे, पण त्याच्या मुळाशी कोणता पदार्थ काय सोसतो हा विचार आहे. तांबे आच सोसते, घासणे सोसते, काळे होऊन पुन्हा उजळते. चांदीची पातळ पट्टी आच सोसते, पण बेताचीच. खडा मात्र आच, आम्ल, गंधक आणि कानस यांपैकी जवळजवळ काहीच सोसत नाही, आणि फिरोजा तर सच्छिद्र असल्यामुळे तेल आणि घामसुद्धा शोषून घेतो. म्हणून प्रत्यक्ष कामात खडा सर्वांत शेवटी हाती घ्यायचा, हे उघड आहे. मात्र कागदावर तो सर्वांत आधी यायला हवा. आपल्या दुसऱ्या प्रयत्नात अडचण आली ती याच ठिकाणी, कारण नक्षी आखताना खड्याची जागा राखून ठेवलेली नव्हती.

पुढील उत्तर मी तांबे किंवा पितळ, सपाट बुडाचा घुमटाकार खडा आणि घरी वापरता येईल असा लहान गॅस टॉर्च गृहीत धरून लिहीत आहे. यांपैकी काही बदलले तर उत्तरही बदलते. चांदीवर फेरिक क्लोराइड चालत नाही, कारण पृष्ठभागावर न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड तयार होते आणि कोरणी तिथेच थांबते. आपल्या पट्टीवरचा करडा थर तोच होता. चांदीसाठी फेरिक नायट्रेट वापरतात. सराफी कारखान्यांत नायट्रिक आम्लही वापरले जाते, पण त्यातून निघणारा तपकिरी वायू फुप्फुसांना इजा करतो आणि त्या इजेची लक्षणे कधीकधी कित्येक तासांनी दिसतात, त्यामुळे घरात ते कोणीही वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे टॉर्च नसेल, तर झाळकामाविना खडा धरण्याचा मार्ग पुढे दिला आहे.

कामाची सुरुवात खडा मोजण्यापासून करावी. व्हर्नियर कॅलिपरने बुडाचा व्यास मोजावा आणि खडा कागदावर ठेवून त्याच्या कडेने रेघ मारावी. १० मिलिमीटर व्यासाच्या खड्याला ०.३ मिलिमीटर जाडीची पट्टी लावायची असेल, तर कोंदणाचा बाहेरचा व्यास १०.६ मिलिमीटर होतो. त्याभोवती आणखी एक मिलिमीटर मोकळी कड सोडून, म्हणजे सुमारे साडेबारा मिलिमीटर व्यासाचे, वर्तुळ काढावे आणि ते संपूर्ण राखीव समजावे. त्याच्या आत नक्षीची एकही रेघ जाऊ देऊ नये आणि कोरताना ही जागा द्रावण धातूला लागू न देणाऱ्या आवरणाखाली पूर्णपणे ठेवावी. पदक अडकवायच्या वरच्या कडीसाठीही अशीच छोटी सपाट जागा सोडावी. याचे कारण झाळेच्या स्वभावात आहे. वितळलेली झाळ दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट टेकले असतील तिथेच केशाकर्षणाने शिरते; ती फट भरून काढत नाही. पट्टी कोरलेल्या रेषांवर आडवी उभी राहिली, तर प्रत्येक रेषेपाशी तिच्याखाली बोगदा तयार होतो. झाळ त्या बोगद्यातून वाहत नक्षीत जाते आणि सांधा कोरडा राहतो. आपल्या दुसऱ्या प्रयत्नात नेमके हेच घडले.

नक्षीची रेघ किती जाड असावी, याचा हिशेबही कागदावरच करून ठेवावा. द्रावण धातू जितके खाली खाते, जवळपास तितकेच ते आवरणाखाली आडवेही शिरते. समजा, आपल्याला पाव मिलिमीटर खोल कोरायचे आहे आणि उठावाची रेघ अर्धा मिलिमीटर जाड आहे. दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिलिमीटर आत खाल्ले गेले की ती रेघ उरतच नाही. म्हणून इतक्या खोलीसाठी उठावाच्या रेघा निदान एक मिलिमीटर जाड ठेवाव्यात आणि नाजूक जाळीदार नक्षी हवी असेल तर खोली कमी करावी. पत्रा एक मिलिमीटर, म्हणजे साधारण १८ गेजचा घ्यावा. त्याच्या तृतीयांशापेक्षा जास्त खोल कोरू नये, नाहीतर झाळताना पत्रा वाकडा होतो. पदकाचा आकारही आधी कापू नये. चौकोनी तुकड्यावर सगळीकडून कड सोडून कोरावे आणि आकार नंतर करवतीने कापावा, म्हणजे कडा खाल्ल्या जाण्याचा प्रश्न राहत नाही.

कोरणीविषयी आपल्याला बरेच माहीत आहे असे दिसते, म्हणून मोजक्याच गोष्टी लिहिते. पत्रा भांडी घासायच्या चोथ्याने आणि साबणाने घासून धुतला की पाणी त्यावर अखंड पसरले पाहिजे. ते थेंबाथेंबांनी सुटत असेल तर तेलकटपणा शिल्लक आहे आणि तिथे आवरण उचलले जाणार. लेझर प्रिंटरच्या टोनरची नक्षी इस्त्रीने उतरवली तर बारीक रेषा चांगल्या येतात. खड्याच्या राखीव वर्तुळासारख्या मोठ्या जागांवर मात्र टोनरला सूक्ष्म छिद्रे राहतात, म्हणून त्या जागा ब्लॅक जपान या नावाने मिळणाऱ्या काळ्या डांबरी रंगाने पुन्हा भराव्यात. मागची बाजू पॅकिंगच्या टेपने झाकावी. पत्रा द्रावणात नक्षीची बाजू खाली करून तरंगता ठेवावा. टेपवर थर्मोकोलचा तुकडा चिकटवला की तो सहज तरंगतो. नक्षी वरच्या बाजूला ठेवली तर सुटलेला गाळ रेषांमध्येच बसतो आणि तळ खडबडीत होतो. हिवाळ्यात द्रावण सुस्तावते, तेव्हा भांडे कोमट पाण्याच्या परातीत ठेवावे. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा: दर पंधरा-वीस मिनिटांनी पत्रा काढून पाण्यात बुडवावा आणि सुईचे टोक आवरणाच्या कडेवरून खाली उतरवून खोली अजमावावी.

फेरिक क्लोराइड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सर्किट बोर्डांसाठी ते विकले जाते. भुकटी आणली तर ती थोडी थोडी करून पाण्यात घालावी, भुकटीवर पाणी ओतू नये, कारण विरघळताना द्रावण चांगलेच तापते. भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचे असावे. स्टीलचे आणि ॲल्युमिनियमचे अजिबात चालत नाही. हातमोजे आणि चष्मा घालावा, काम गच्चीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी करावे. वापरलेले द्रावण मोरीत किंवा बागेत ओतू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्यात विरघळलेले तांबे असते, ते पाण्यातल्या जिवांना मारक ठरते आणि द्रावण धातूचे नळही खाते. ते झाकून ठेवले तर पुनःपुन्हा वापरता येते. अगदी मंदावले की मोठ्या बादलीत थोडा थोडा धुण्याचा सोडा घालावा, फेस थांबला की गाळ खाली बसू द्यावा, तो वाळवून बंद डब्यात भरावा आणि घातक कचऱ्याच्या संकलनात द्यावा.

आता कोंदण. त्याची पट्टी शुद्ध चांदीची घ्यावी, ९२५ ची (साडेब्याण्णव टक्के चांदीची) नको. शुद्ध चांदी मऊ असते, खड्यावर सहज झुकते आणि तापवल्यावर काळी पडत नाही. कोणताही सोनार ०.३ मिलिमीटर जाडीची पट्टी काढून देतो. लांबी मोजताना खड्याच्या व्यासात पट्टीची जाडी मिळवून त्याला ३.१४ ने गुणावे. १० मिलिमीटरच्या खड्यासाठी १०.३ गुणिले ३.१४, म्हणजे ३२.३ मिलिमीटर. उंची मात्र सूत्राने ठरत नाही. खडा टेबलावर ठेवून बाजूने पाहावा. त्याची कड उभी वर जाऊन जिथे आत वळू लागते, त्याच्या किंचित वर पट्टी पोहोचली पाहिजे. पट्टी कमी पडली तर खडा निसटतो. जास्त झाली तर ती झुकवताना चुण्या पडतात आणि खड्याचे पाणीही झाकले जाते. पट्टीची दोन्ही टोके कानशीने सपाट करून, एकमेकांना प्रकाश दिसणार नाही इतकी भिडवून, चढ्या तापमानाला वितळणाऱ्या झाळेने जोडावीत. मग कडे सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर बुडाने घासावे. पत्र्यावर ठेवून दिव्यासमोर धरल्यावर खालून उजेडाची रेघ दिसत असेल, तर झाळण्याची घाई करू नये.

पत्र्यावर कोंदण बसवताना कमी तापमानाला वितळणारी झाळ घ्यावी, म्हणजे पट्टीचा आधीचा सांधा उघडत नाही. झाळेचे बारीक तुकडे कोंदणाच्या आतल्या बाजूने, भिंतीला टेकवून ठेवावेत. सांध्याला सवागीचे (बोरॅक्सचे) पाणी लावावे आणि राखीव जागेच्या बाहेर नक्षीच्या रेषांत गेरू पाण्यात घट्ट कालवून ब्रशने भरावा. गेरूतले लोहाचे ऑक्साइड झाळेला तिथे पसरू देत नाही. तो सांध्यावर मात्र येऊ देऊ नये, नाहीतर सांधाच धरणार नाही. आच द्यायची ती पत्र्याला: जाळीवर ठेवून खालून, आणि कडेकडेने फिरवत. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि चांदी ९६१ ला, पण खरा फरक जाडीचा आहे. पातळ पट्टी क्षणात तापते, तर जाड पत्रा वेळ घेतो. ज्योत पट्टीवर धरली तर झाळ पट्टीवर चढते आणि पत्रा थंडच राहतो. दोन्ही एकाच वेळी लालसर झाले की झाळ लकाकते आणि कोंदणाच्या कडेने फिरून येते. ती फिरून आली की ज्योत लगेच बाजूला करावी. वरची कडीही याच आचेत झाळून घ्यावी. झाळ विकत घेताना ती कॅडमियमविरहित असल्याची खात्री करून घ्यावी. कॅडमियमची वाफ घरात मुळीच नको. पितळेला झाळताना जास्त जपावे लागते, कारण ते तांब्याच्या आधी वितळते आणि फार तापले तर त्यातील जस्ताची वाफ होते.

यानंतर पदक लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात ठेवून उजळावे. त्या पाण्यात लोखंडी चिमटा घालू नये, नाहीतर पाण्यातले तांबे चांदीवर चढून कोंदण लालसर होते. मग सोड्याच्या पाण्यातून काढून, रिठ्याच्या पाण्याने मऊ ब्रशने धुवावे. सोनारांची ही जुनी पद्धत मला आजही सर्वांत भरवशाची वाटते, कारण रेषांत अडकलेला गेरू आणि सवागी तिने पूर्ण निघते आणि धातूला ओरखडे पडत नाहीत.

काळे करण्याचे काम इथे येते, खडा बसवण्यापूर्वी. लिव्हर ऑफ सल्फर कोमट आणि पातळ घ्यावे, पदक क्षणभर बुडवून काढावे, धुवावे, पुन्हा बुडवावे. एकदम गडद द्रावणात ठेवले तर थर जाड होऊन पापुद्र्यासारखा सुटतो. हे द्रावण कोणत्याही आम्लात मिसळू देऊ नये, त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. द्रावण नको असेल तर उकडलेले अंडे कुस्करून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत पदकाशेजारी ठेवले तरी तांबे आणि चांदी हळूहळू काळवंडते आणि छटेवर ताबा राहतो. पितळेवर मात्र हे दोन्ही उपाय फिके पडतात. काळे झाल्यावर उठाव उजळायचा असतो आणि बहुतेकांची नक्षी इथे मरते. मऊ कापडाने घासले की कापड खोलगट भागात शिरते आणि तिथलाही काळा रंग घेऊन येते. त्याऐवजी ८०० किंवा १००० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी पट्टीवर ताणून धरावा आणि उठावावरून हलक्या हाताने फिरवावा. ताठ पाठीमुळे कागद फक्त वरच्या पातळीला टेकतो आणि रेषेची कड करकरीत राहते. धातूवर मेणाचा हलका हात द्यायचा असेल तर तोही आताच द्यावा, कारण फिरोजाला मेण लागले की त्याची छटा बदलते. पदकाची मागची बाजू मेणाने नीट झाकावी, म्हणजे घामाने मानेवर हिरवा डाग येत नाही.

आता खडा. तो कोंदणात बसतो का हे पाहताना आधी एक दोरा आडवा टाकावा आणि मग खडा ठेवावा; दोरा ओढला की खडा वर येतो. दोऱ्याशिवाय घट्ट कोंदणात खडा दाबला तर तो पट्टी न फाडता काढणे कठीण होते. खडा खोल जात असेल तर खाली पातळ प्लास्टिकची चकती घालावी. पदक लाखेवर किंवा चामड्याच्या उशीवर स्थिर करून, लाकडी मुठीच्या सपाट टोकाच्या हत्याराने पट्टी आधी समोरासमोरच्या चार ठिकाणी आत दाबावी, मग त्यांच्या मधल्या जागी. एका बाजूने सुरुवात करून गोल फिरत गेल्यास सगळी जास्तीची पट्टी शेवटी एकाच ठिकाणी गोळा होते आणि तिथे घडी पडते. सगळीकडून टेकल्यावर गुळगुळीत पोलादी घोटणीने कड घोटून घ्यावी. कुंदनकामात कारागीर लाखेवर खडा बसवून त्याभोवती शुद्ध सोन्याची पट्टी थंडच दाबत नेतात, त्यामागेही हेच आहे: धातू इतका मऊ निवडायचा की खड्याजवळ ज्योत नेण्याची वेळच येऊ नये.

टॉर्च नसेल तर राखीव जागेच्या कडेला पत्र्यातच चार अरुंद जिभा करवतीने कापाव्यात आणि खड्याभोवती उभ्या वाकवून त्यावर झुकवाव्यात. जिभा कोरलेल्या भागात आल्या तर पातळ होऊन वाकवताना तुटतात, म्हणून त्या आणि त्यांची मुळे आवरणाखाली पूर्ण जाडीची राहिली पाहिजेत. गोंद हे खडा धरून ठेवण्याचे साधन नव्हे; खालची पातळी सारखी करण्यापुरताच तो वापरावा.

खड्यांच्या निवडीविषयी थोडेसे. हा क्रम हाताला बसेपर्यंत अकीक, जास्पर किंवा गार्नेट घ्यावेत. अकीक कडक असतो, घोटणी निसटली तरी सहसा ओरखडत नाही आणि दख्खनच्या बेसाल्टमध्ये तर तो मुबलक मिळतो. फिरोजाची कठीणता मोहस मापनावर ५ ते ६ असते, मॅलेकाइटची साडेतीन ते चार. मॅलेकाइट, पोवळे आणि मोती हे कार्बोनेट असल्यामुळे त्यांना लिंबूसत्त्वाचे पाणीही लागू देऊ नये. बाजारात फिरोजा म्हणून रंगवलेला हाउलाइट हा पांढरा दगड सर्रास विकला जातो. ॲसिटोनचा बोळा मागच्या बाजूने फिरवल्यावर निळा रंग कापसावर आला, तर तो खडा रंगवलेला आहे.

तेव्हा क्रम असा ठरतो: खडा मोजून नक्षी आखणे, कोरणे, आकार कापणे, कोंदण आणि कडी झाळणे, उजळणे, काळे करून उठाव घासणे, मेण देणे आणि त्यानंतर खडा.

आपल्या हातातले पदक वाया गेलेले नाही. खडा पातळ पात्याने कडेकडेने सैल करून काढावा. रंगबदल वरवरचा असेल तर बारीक ओल्या पॉलिश पेपरने तो कमी होऊ शकतो, आतपर्यंत मुरला असेल तर मात्र खडा बदलावा लागेल. मधली जागा कोरलेली असल्यामुळे त्यावर थेट कोंदण झाळू नये. त्याऐवजी अर्धा मिलिमीटर जाडीच्या सपाट तांब्याच्या चकतीवर कोंदण वेगळे झाळून घ्यावे आणि ती वाटी पदकाला रिव्हेटने जोडावी. वाटीच्या तळात आणि पदकात १.२ मिलिमीटरची दोन छिद्रे एकदमच पाडावीत, म्हणजे ती एकमेकांशी जुळतात. दोन्ही टोकांकडे छिद्रांची तोंडे थोडी रुंद करावीत, त्याच जाडीची नरम केलेली तांब्याची तार घालून दोन्ही बाजूंना तारेच्या जाडीच्या निम्म्याइतके टोक बाहेर ठेवावे आणि हलक्या हातोडीने आलटून पालटून दोन्ही बाजूंनी ठोकावे. पत्रे एकमेकांवर हलेनासे झाले की आतली डोकी कानशीने तळाशी सपाट करावीत. ती खड्याखाली झाकली जातात आणि मागची दोन डोकी पदकावर ठिपक्यांसारखी शोभतात. मग पदक पुन्हा काळे करून उजळावे आणि खडा बसवावा.